वॉर्निशचा जादा हात

इचलकरंजीत धनपालअण्णा चौगुल्यांना ओळखत नाही असा माणूस एखादे वेळी सापडेल, पण ज्याची मोटर त्यांच्या हाताखालून गेली नाही असा यंत्रमाग सापडणं कठीण. पन्नास वर्षं त्यांनी जळक्या मोटरींची पोटं उघडली, आतली करपलेली तार उपसून काढली आणि तांब्याची नवी तार घालून मोटर पुन्हा चालती केली. धंद्याच्या भाषेत याला मोटर 'भरणं' म्हणतात. अण्णांनी भरलेली मोटर दहा वर्षं बघायला नको, असं लोक म्हणत. अण्णा ते ऐकून हात झटकत, "काय तरी बोलतासा," म्हणत, आणि नंतर दोन दिवस घरात जरा जास्तच मोठ्यानं बोलत.

२०३९ सालच्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी रूपाराणी कांबळे दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा अण्णांना आधी आनंद झाला आणि मग तिच्या हातातलं पोतं दिसलं.

रूपा त्यांना मुलीसारखी. तिची आई बावीस वर्षं या दुकानात मोटरीच्या खाचांत घालायचा कागद कापत होती, आणि रूपानं पाढे पाठ केले ते याच फरशीवर बसून. आता ती अडतीस वर्षांची होती आणि कोल्हापूर ते वैभववाडी वडाप चालवत होती. ठरलेल्या रस्त्यावर माणसं गोळा करत जाणारी गाडी म्हणजे वडाप. डिझेल गेलं, जीप गेली, विजेवरची बारा आसनांची गाडी आली, तिकीट फोनवर आलं. पण नाव वडापच राहिलं आणि खिडकीतून मान काढून ओरडायचं कामही राहिलं. त्या लाइनीत घाट चढवणारी बाई एकटी रूपाच. गाड्यांच्या रांगेत नंबर मिळवायला तिला दोन वर्षं भांडावं लागलं होतं.

"उतरवली मोटर?" अण्णांनी विचारलं.

"विम्यावाल्यांचं बघून झालं. गाडी सोडली त्यांनी. मोटर मीच काढून आणली." तिनं पोतं फरशीवर ठेवलं. "परवा सुनावणी हाय, अण्णा. आरटीओवाले लायसन काढून घेणार म्हणत्यात. कायमचं."

अपघाताचं अण्णांनी ऐकलं होतं. अठरा दिवसांपूर्वी करूळचा घाट चढताना, माथा अगदी टप्प्यात आला असताना, एका वळणावर रूपाची मोटर एकाएकी बंद पडली. तिचा पाय गाडी पळवायच्या पट्टीवर होता. तो ब्रेकवर जाईपर्यंत गाडी सात-आठ फूट मागं घसरली आणि कठड्याला धडकली. एका म्हातारीचं मनगट मोडलं, दोघातिघांना मुका मार बसला. आणखी दोन हात गाडी गेली असती तर मनगटावर भागलं नसतं, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"आणि पेटी काय म्हणती?"

रूपानं फोन पुढं केला. आता प्रत्येक गाडीत एक नोंदपेटी असते आणि गाडीची क्षणाक्षणाची हकीकत तीत साठते. अपघात झाला की माणसांना विचारण्याआधी पेटीला विचारतात. रूपाच्या पेटीनं सांगितलं होतं: शीतद्रवाचं तापमान अठ्ठावन्न अंश, योग्य. द्रवाचा प्रवाह योग्य. मोटरीत अचानक जादा करंट, म्हणून संरक्षणासाठी वीज बंद. मोटर तापलेली नव्हती, म्हणजे मोटरीचा दोष नाही. मग राहिलं काय? चालकानं प्रमाणाबाहेर माणसं कोंबली असणार, किंवा चढावर आचका दिला असणार. पेटी इतकं स्वच्छ बोलल्यावर मोटर उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

"नऊच माणसं होती, अण्णा. देवाशपथ. पण वडापवाली नऊ माणसं म्हणती हे ऐकून तिथला शिपाईसुद्धा हसला." रूपा खाली बसली. "आणि आचक्याचं म्हणाल तर... पहिल्यांदा मी ठाम होते. आता रोज तेच ते आठवून आठवून मलाच वाटायला लागलंय, मी पाय जोरात दाबला असंल. पेटी कशाला खोटं बोलंल?"

अण्णा पोत्याकडं बघत होते. ही मोटर आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याच दुकानात भरली होती, आणि तेव्हाचा एक रविवार त्यांना आठवायला लागला होता.

"ठिवून जा," ते शेवटी म्हणाले. "बघतो."

*

त्या रविवाराकडं जाण्याआधी या नव्या मोटरींविषयी थोडं सांगायला हवं.

विजेच्या मोटरीचा खरा शत्रू एकच, तो म्हणजे तिची स्वतःचीच उष्णता. तारेतून वीज जोरात धावली की तांबं तापतं. फार तापलं की तारेवरचं पातळ आवरण करपतं, शेजारच्या दोन तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर जळते. म्हणून मोटरीतून किती ताकद काढता येईल हे तिच्यातल्या लोहचुंबकावर कमी आणि ती गार किती लवकर होते यावर जास्त ठरतं. पूर्वीच्या गाड्यांत मोटरीच्या कवचाभोवती पाणी खेळवत. पण उष्णता तयार होते आत, तांब्यात. तिथून कागद, मग लोखंड, मग कवच अशा भिंती ओलांडत ती पाण्यापर्यंत पोचायची, म्हणजे चार गोधड्या पांघरून वाऱ्याला बसण्यातलाच प्रकार.

पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्या गोधड्याच काढून टाकल्या. वीज वाहून न नेणारा एक पारदर्शक द्रव थेट तांब्याच्या तारांमधूनच खेळवला. हा द्रव साठ अंशांना उकळतो. उकळताना, म्हणजे द्रवाची वाफ होताना, तो भोवतालची प्रचंड उष्णता शोषून घेतो. ती वाफ वरच्या नळ्यांत गार होऊन पुन्हा थेंब होऊन खाली येते. कारागिरांनी त्याचं नाव ठेवलं 'थंडाई'. थंडाईमुळे शहाळ्याएवढी मोटर बारा माणसांची गाडी घाटावर चढवू लागली. मोटर लहान झाली तशी गाडी स्वस्त झाली, आणि गावोगाव अशा गाड्या झाल्या.

फक्त एक अट होती. थंडाई तारेतारेला शिवायला हवी, म्हणून तारांच्या मध्ये केसाएवढ्या फटी मुद्दाम मोकळ्या सोडायच्या. तापमान मोजणारा काटाही थंडाईच्या वाटेवरच बसवलेला. कारण थंडाई सगळ्या तांब्याला शिवून येते, तेव्हा तिचा ताप तोच तांब्याचा ताप, असा हिशेब.

आता अण्णांचा धर्म नेमका याच्या उलटा. तेराव्या वर्षी बंडू मिस्त्रींच्या हाताखाली ते जे पहिलं शिकले ते हे की तारांमध्ये फट राहता कामा नये. फट राहिली की तार थरथरते, घासते, दमट हवा आत शिरते आणि मोटर जाते. म्हणून भरलेली मोटर वॉर्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची, पुन्हा बुडवायची. तीन हात. तारांचा गठ्ठा बर्फीच्या वडीसारखा एकसंध झाला पाहिजे. यंत्रमागाच्या मोटरीला हे अगदी बरोबर होतं, आणि पन्नास वर्षांत एकाही मोटरीनं त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

नव्या मोटरी भरायला परवाना लागतो. तो दुकानात तस्लीमा मुजावरकडं होता. तस्लीमा पस्तिशीची, पंधरा वर्षांपूर्वी कामाला आली तेव्हा तिचा हात तारेवर असा चाले की अण्णा इतरांना ओरडायचं विसरून बघत राहत. पुण्याला जाऊन तिनं परीक्षा दिली, प्रमाणपत्र आणलं, आणि आल्या आल्या अण्णांना सांगितलं, "ह्या मोटरींना एकच पातळ हात, अण्णा. आणि लगेच हवा मारून फटी मोकळ्या करायच्या." अण्णा "बरं" म्हणाले. ते "बरं" म्हणाले की त्यांना पटलेलं नाही हे ओळखायला तस्लीमाला खरं तर पंधरा वर्षं पुरायला हवी होती.

*

दुपारी तस्लीमानं मोटर उघडली. कवच बाजूला केलं आणि ती नुसती बघत राहिली. तारांची टोकं गुळगुळीत चमकत होती, एका बाजूला काळा डाग पसरला होता. तिनं सुईनं फट शोधायचा प्रयत्न केला. सुई कुठंच शिरेना.

"अण्णा," ती म्हणाली, "हे मी असं सोडलं नव्हतं."

अण्णा खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू भाचीच्या साखरपुड्याला गेलतीस," ते म्हणाले. "मोटर तयार होऊन फळीवर होती. रूपा सोमवारी न्यायला येणार होती. मी हातात घेऊन बघितली तर आत सगळं मोकळं, सैल... मला ते बघवंना. म्हटलं, पोरगी घाटात गाडी घालणार, बारा जीव असत्यात. एक हात जादा द्यावा. मग एकाचे दोन झाले."

"आणि चाचणी?"

"ती झाली की. दहा मिनिटं चालवून बघितली, झकास चालली."

दहा मिनिटांत काय कळणार होतं? थंडाईला तारांत शिरायला वाट राहिली नव्हती, म्हणून ती बाहेरच्या बाहेरून फिरत राहिली, गारच्या गार. पेटीला ती गार दिसली. आत तांबं प्रत्येक चढाला थोडं थोडं भाजत गेलं. आठ महिन्यांत आवरण करपलं, दोन तारा भिडल्या आणि मोटर घाटात गेली. पेटी खोटं बोलली नव्हती. तिला जिथं बसवलं होतं तिथलं तिनं खरं सांगितलं होतं.

तस्लीमानं सुई खाली ठेवली. "अजून कुणाकुणाच्या मोटरीला असा हात दिलासा?"

"सगळ्यांना न्हाई गं."

"कुणाच्या, अण्णा?"

अण्णा बोटांवर मोजायला लागले. "मेव्हण्याचा दुधाचा टेम्पो. उपाध्ये डॉक्टरांची फिरत्या दवाखान्याची गाडी. आणि..." त्यांनी तिसरं बोट धरून ठेवलं. "आणि आमची निधी ज्या व्हॅननं शाळेला जाती, ती."

"म्हणजे आपली माणसं तेवढी वेचून काढलीसा," तस्लीमा म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला रडू येत होतं.

निधी ही अण्णांची सात वर्षांची नात. शाळा सुटायला दीड तास होता. अण्णांनी आयुष्यात इतक्या घाईनं फोन लावला नसेल. व्हॅनवाल्याला त्यांनी गाडी जागेवरून हलवू नको म्हणून सांगितलं, पोरांना न्यायला दुसरी गाडी बोलावली, मग मेव्हण्याला फोन केला, मग डॉक्टरांना. तिघांनीही विचारलं, काय झालं? तिघांनाही अण्णा म्हणाले, "काय न्हाई, साधी तपासणी हाय. कंपनीकडनं कळवलंय."

फोन ठेवला तेव्हा तस्लीमा त्यांच्याकडंच बघत होती.

"कंपनीकडनं?"

"तिन्ही मोटरी मी उद्याच्या उद्या रिकाम्या करून देतो. कुणाला काही व्हायचं न्हाई."

"आणि रूपाचं?"

"तिला सांगू, मोटरीत मुळातच खोट होती म्हणून. सुनावणीतबी तेच सांगायचं. ती सुटंल."

"मग कंपनी मोटर मागून घेईल आणि उघडंल," तस्लीमा म्हणाली. "उघडली की दिसंल. आणि कागदावर सही कुणाची हाय, अण्णा?"

हे अण्णांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी रविवारी दुपारी प्रेमानं दिलेला हात कागदावर तस्लीमाचा होता. गप्प बसलं तर रूपाचा घास जाणार, अर्धवट बोललं तर तस्लीमाचा, आणि पुरतं बोललं तर स्वतःचा. पन्नास वर्षांत मोटर भरताना त्यांना कधी एवढा घाम फुटला नव्हता.

"मी कुणाला सांगायला जाणार न्हाई," तस्लीमानं पदरानं हात पुसले. "तुम्ही मला तार धरायला शिकवलीत. तुमच्याकडं बोट दाखवायला माझं मन व्हायचं न्हाई. पण रूपानं उद्या मला विचारलं, आत काय निघालं, तर मी खोटं बोलणार न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा."

बुधवारचा दिवस अण्णांनी तीन मोटरी रिकाम्या करण्यात घालवला. स्वतःचंच वॉर्निश तासून काढायला किती जोर लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. फार चांगलं काम केलं होतं त्यांनी. व्हॅनच्या मोटरीतली तार बाहेर आली तेव्हा तिच्यावर तपकिरी झाक धरलेली होती, म्हणजे तीही भाजायला लागली होती. अण्णा ती तार हातात धरून बसून राहिले. रूपाच्या जागी व्हॅनवाला असता आणि गाडीत निधी असती तर? मग पेटीनं त्या व्हॅनवाल्यालाच धरलं असतं, आणि सगळ्यात आधी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो ते आपणच, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

*

गुरुवारी आरटीओतल्या चौकशीच्या खोलीत सुनावणी घेणाऱ्या घोरपडे मॅडमनी पंख्याखाली कागद दाबून ठेवले आणि रूपाकडं बघितलं. बाई वाईट नव्हत्या. तिशीच्या होत्या, अभियंत्या होत्या, आणि आजवर अशा दोनशे पेट्या त्यांनी वाचल्या होत्या. मोटर मात्र उघडलेली कधी बघितली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

"तुमचं म्हणणं तुम्ही लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "पण त्यात पहिल्या पानावर नऊ प्रवासी, आचका दिला नाही, असं आहे आणि दुसऱ्या पानावर, कदाचित पाय जोरात पडला असेल, असं आहे. नक्की काय धरायचं?"

"दुसरं धरा," रूपा खाली बघत म्हणाली. "पेटी सांगती म्हणजे तसंच झालं असणार. सही कुठं करू?"

मागच्या बाकावर बसलेले अण्णा उठले. "थांब," ते म्हणाले. "सही करू नको."

त्यांनी पिशवीतून दोन मोटरींचे उघडे गाभे काढून टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवले. एक तस्लीमानं प्रशिक्षणात भरलेला नमुना, दुसरा रूपाच्या गाडीतला. दोन्हींच्या खाली एकेक काचेचा पेला ठेवला. मग बाटलीतली थंडाई आधी नमुन्यावर ओतली. ती तारांत शिरली, दिसेनाशी झाली आणि श्वासभरात खालच्या पेल्यात टपटप पडायला लागली.

मग त्यांनी रूपाच्या मोटरीवर ओतली. थंडाई वरच्या वर ताटलीत राहावी तशी राहिली. मॅडम पुढं झुकल्या. रूपा उठून जवळ आली. सगळे पेल्याकडं बघत राहिले. पेल्यात एक थेंबसुद्धा पडला नाही.

"बाई," अण्णा म्हणाले, "माठाला बाहेरनं ऑइलपेंट फासला तर पाणी गार होईल का? ह्या मोटरीला कुणीतरी तसाच ऑइलपेंट फासलाय. तुमच्या पेटीनं थंडाईचा ताप घेतला. थंडाई गारच होती, ती आत गेलीच न्हाई कधी. तांब्याचा ताप कुणी घेतलाच न्हाई. ह्या बाईनं आचका दिला नसंल, माणसंबी नऊच असतील. तिनं राजाची राणी बसवून गाडी सावकाश हाकली असती तरी ही मोटर त्या घाटात गेलीच असती."

मॅडमनी पेला उचलून उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला. कागद चाळले. "मोटर भरल्याचं प्रमाणपत्र तस्लीमा मुजावर यांचं आहे. त्या आल्यात?"

"मी आहे," दारापाशी उभी असलेली तस्लीमा म्हणाली.

"तिचा काही संबंध न्हाई," अण्णा म्हणाले. "तिनं बरोबर भरली होती. ती नसताना मी दोन हात जादा दिले. मला परवाना न्हाई. मला हात लावायचाच अधिकार नव्हता. आणि अशा चार मोटरींना दिले; तिघांच्या मी काल रिकाम्या केल्या. त्यांना सांगितलं कंपनीची तपासणी म्हणून, तेबी खोटं. ते मी आज त्यांच्या घरी जाऊन सांगणार हाय. लिहून घ्या."

"धनपाल चौगुले म्हणजे तुम्हीच ना?" मॅडमनी विचारलं. "माझ्या वडिलांचे माग होते. तुमचं नाव ऐकलंय मी." त्या क्षणभर थांबल्या. "हे लिहून घेतलं तर अशा मोटरींना हात लावायची तुम्हाला कायमची बंदी येईल. तुमच्या नावानिशी जिल्हाभर सूचना काढावी लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. नाव नीट घाला. धनपाल बाबगोंडा चौगुले."

मॅडमनी लिहून घेतलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "म्हणजे मागच्या दोनशे पेट्यांतल्या किती मोटरी मी उघडायला हव्या होत्या?" त्यांनी रूपाचं लायसन टेबलाच्या खणातून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

*

बाहेर आल्यावर रूपा जिन्याच्या पायरीवर बसली. लायसन तिनं मुठीत आवळून धरलं होतं. अण्णा दोन पायऱ्या सोडून उभे राहिले. जवळ जायचा त्यांना धीर होईना.

"वीस दिवस," रूपा म्हणाली. "वीस दिवस मी ह्या पायाला शिव्या घातल्या, अण्णा. त्या म्हातारीच्या घरी जाऊन तिच्या पाया पडून आले. माझं चुकलं म्हणून सांगून आले. माझं चुकलं नव्हतं."

"न्हाई. माझं चुकलं."

"मघाशी तुम्ही उठला नसता तर माझी सही झाली असती. आणि मग मी आयुष्यभर तेच खरं धरून चालले असते." ती आता रागानं रडत होती. "का केलंसा असं? तस्लीमानं सांगितलं होतं की तुम्हाला."

"तू घाटात जाणार होतीस. मला राहवलं न्हाई."

"आणि दुसऱ्या कुणाची गाडी असती तर?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. पण अण्णांनी त्या दिवशी खरं बोलायला सुरुवात केली होती आणि आता त्यांना मध्येच थांबता येईना.

"तर दिला नसता," ते म्हणाले. "तस्लीमानं केलं तसंच पाठवून दिलं असतं."

रूपानं डोळे पुसले. तस्लीमा मोटरीची पिशवी घेऊन खाली उतरली आणि तिच्याशेजारी बसली.

"मग ह्यापुढं माझी मोटर आली की मला परकी समजा," रूपा म्हणाली. "एकदम परकी. रस्त्यावरनं आलेली. एवढं कराल?"

"करीन," अण्णा म्हणाले.

पुढच्या मंगळवारी तस्लीमानं मोटर भरली. पातळ एक हात दिला, हवा मारली, सुई घालून एकेक फट तपासली. अण्णा दाराजवळच्या टेबलाशी बसून होते. मोटरीला हात लावायची बंदी होती, पावती लिहायची नव्हती. सकाळपासून एकदाही ते फळीकडं गेले नाहीत. दोनदा उठले, आणि दोनदा परत बसले.

अकराच्या सुमाराला रूपा आली. फळीवरची मोटर तिनं बघितली, तस्लीमाकडं बघितलं, मग टेबलासमोर येऊन उभी राहिली.

अण्णांनी पावतीपुस्तक उघडलं. चष्मा नीट केला. तिच्याकडं न बघता विचारलं, "नाव काय म्हणालात, बाई?"

तस्लीमाचा हात तारेवरच थांबला.

"रूपाराणी कांबळे," रूपा म्हणाली.

"राहणार?"

"शहापूर. देवळाच्या मागं."

"गाडी कुठल्या रस्त्याला चालणार?"

"घाटाच्या."

अण्णांचं पेन थांबलं. त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. जपून जा म्हणायचं होतं, एक हात अजून द्यायचा होता. त्यांनी 'घाट' एवढंच लिहिलं, पावती फाडली आणि तिच्यापुढं सरकवली.

"सही करा, बाई," ते म्हणाले.